कबड्डीपटूच्या डोळ्यासाठी कॉन्टॅक्ट लेन्सची निवड : मुंबईतील एक प्रकरण

हे प्रकरण १९ वर्षांच्या एका महाविद्यालयीन कबड्डीपटूचे आहे. ती मध्य मुंबईतील गिरणगावात, एका जुन्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत आई, वडील आणि धाकट्या भावासह राहते. तिची ओळख पटू नये म्हणून घर, महाविद्यालय आणि संघ यांविषयीचे तपशील बदलले आहेत. डोळ्यांविषयीच्या नोंदी मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. उपचार नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांनी केले. लेन्सची तपासणी, निवड आणि शिकवणी माझ्याकडे, म्हणजे ऑप्टोमेट्रिस्टकडे (नजर तपासून चष्मा-लेन्स देणाऱ्याकडे) होती.

प्रकरण तपशिलाने मांडावेसे वाटले, कारण त्यातील चूक अगदी नेहमीची आहे आणि ती टाळता येण्याजोगी होती. चष्म्याचा नंबर सांगावा आणि लेन्सची डबी घेऊन बाहेर पडावे, अशी सवय आपल्याकडे रुजली आहे. वास्तविक कोणती लेन्स द्यावी हे डोळ्याइतकेच, ती लेन्स कोणत्या नळापाशी, कशा हातांनी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घातली-काढली जाणार आहे, यावर ठरते. या मुलीला जी लेन्स आधी मिळाली ती सदोष नव्हती. तिच्या दिवसात मात्र ती बसणारी नव्हती.

पूर्वेतिहास

तिला तिसरीत चष्मा लागला आणि दहावीपर्यंत नंबर दर वर्षी थोडा थोडा वाढत गेला. तपासणीच्या वेळी उजव्या डोळ्याचा नंबर उणे ५.५० आणि डाव्याचा उणे ६.००, शिवाय डाव्यालाच उणे ०.५० चा किरकोळ सिलिंडर (डोळ्याचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा नंबर) असा होता. सहाच्या आसपास नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याविना साधारण १७ सेंटिमीटरच्या पलीकडचे सगळे धूसर दिसते. अशा डोळ्यांनी ही मुलगी अकरावीपर्यंत डाव्या कोपऱ्यावर पकडी करत होती. चढाईला आलेल्या खेळाडूचा पाय तिला दिसत नसे. आकृती कुठे झुकते आहे एवढ्यावरून ती अंदाज बांधत असे. ती जिल्हा पातळीपर्यंत पोहोचली हे तिच्या जिद्दीचे लक्षण, पण समोरच्या खेळाडूचा गुडघा वेळीच न दिसल्याने तिच्या हनुवटीला एकदा टाकेही पडले होते. त्यानंतर प्रशिक्षक सरांनी लेन्सचा सल्ला दिला, आणि तो सल्ला योग्यच होता.

ऑगस्टमध्ये घराजवळच्या एका चष्म्याच्या दुकानातून तिने महिन्याभराने बदलायच्या मऊ लेन्स घेतल्या. त्या साध्या हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या होत्या. चष्म्याच्या कार्डावरील नंबर जसाच्या तसा लेन्सला दिला गेला. बुबुळावरच्या पारदर्शक थराचा गोलावा मोजला गेला नाही, अश्रूंची तपासणी झाली नाही, आणि लेन्स डोळ्यावर बसल्यानंतर ती पापणीसोबत किती हलते हेही कोणी पाहिले नाही. लेन्स कशी घालायची हे दहा मिनिटांत दाखवले गेले. ती कशी काढायची हे तिने घरी मोबाइलवरील व्हिडिओ पाहून शिकून घेतले.

आणखी एक गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते, पण पुढे तीच निर्णायक ठरली. लेन्स मिळाल्यावर महिनाभरात तिच्या चष्म्याची काडी मोडली आणि तो दुरुस्त करण्याची गरज घरात कोणाला वाटली नाही. परिणामी, खेळासाठी घेतलेली लेन्स सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत डोळ्यात राहू लागली. डोळा चुरचुरला तरी ती काढता येत नव्हती, कारण काढली तर दिसण्याचे दुसरे साधनच उरले नव्हते.

घटना

डिसेंबरात सांगलीकडील एका स्पर्धेहून संघ रात्रीच्या गाडीने परतला. ती लेन्स घालूनच गाडीत झोपली. सकाळी दादरला उतरताना उजवा डोळा खुपत होता. घरी आल्यावर तिने लेन्स काढली, धुऊन डबीत ठेवली आणि दुपारी वर्गाला जाण्यासाठी तीच पुन्हा घातली. संध्याकाळी डोळा लाल झाला. आईने औषधांच्या दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणले. त्या थेंबांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड होते. स्टेरॉइडमुळे लाली थोडी उतरली आणि घरात दिलासा मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिला खिडकीच्या उजेडातही डोळा उघडेना, पापणी सुजली होती आणि चिकट पिवळसर स्राव येत होता.

स्टेरॉइडचे थेंब ही माझ्या दृष्टीने या सबंध प्रकरणातील सर्वांत चिंतेची बाब आहे. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असता, जंतुसंसर्ग आहे की नाही हे पाहण्याआधी स्टेरॉइड दिले, तर शरीराची प्रतिकारशक्ती तिथल्या तिथे दबते, लक्षणे झाकली जातात आणि जंतूंना मोकळे रान मिळते. चिठ्ठीशिवाय असे थेंब सहज मिळतात आणि ‘मागच्या वेळी याने बरे वाटले होते’ एवढ्या आधारावर ते घरोघरी वापरले जातात.

तपासणी आणि उपचार

रुग्णालयात आली तेव्हा उजव्या डोळ्याची दृष्टी जुन्या चष्म्याची काच समोर धरूनही ६/३६ इतकीच होती, म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसणारे अक्षर तिला सहा मीटरवरून दिसत होते. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थरावर, कडेपासून साधारण दोन मिलिमीटर आत दीड मिलिमीटरचा पांढुरका डाग दिसला. फ्लुरोसीन रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिल्यावर त्या डागावर हिरवा रंग धरला, म्हणजे वरचा थर फाटून तिथे उघडी जखम झाली होती. भोवतीचा भाग सुजलेला होता आणि पारपटलामागच्या पाण्यात दाहाच्या पेशी तरंगत होत्या. डावा डोळा वरून शांत दिसत असला तरी त्याच्या पारपटलाच्या कडेने बारीक रक्तवाहिन्या आत शिरू लागल्या होत्या.

त्या रक्तवाहिन्यांचा अर्थ समजून घ्यायला हवा. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच ते पारदर्शक राहते. त्याला लागणारा प्राणवायू उघड्या डोळ्यात हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो, आणि मिटलेल्या डोळ्यात पापणीच्या आतल्या अस्तरातून. साध्या हायड्रोजेलमध्ये प्राणवायू केवळ लेन्समधील पाण्यावाटे पार होतो, त्यामुळे तो बेताचाच पोहोचतो. त्यातही उणे नंबरची लेन्स मध्यभागी पातळ आणि कडेकडे जाड असते. नंबर जितका मोठा तितकी कड जाड, आणि कडेला प्राणवायू तितका कमी. रोजचे १६-१७ तास असे काढल्यावर पारपटलाने कडेच्या रक्तवाहिन्यांना जणू हाक घातली होती. वेळीच लेन्स थांबवली तर या वाहिन्या रिकाम्या होऊन दिसेनाशा होऊ शकतात, आणि हिच्या बाबतीत पुढे बहुतांशी तसेच झाले.

डॉक्टरांनी जखम खरवडून नमुना घेतला आणि त्याबरोबर लेन्स, डबी आणि सोल्यूशनची बाटलीही प्रयोगशाळेत पाठवली. सुदैवाने आईने यातले काहीही फेकून दिले नव्हते. त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅम-निगेटिव्ह दंडाकार जीवाणू दिसले आणि दोन दिवसांत जखमेच्या व डबीच्या अशा दोन्ही नमुन्यांत स्यूडोमोनास हा जीवाणू वाढला. मऊ लेन्स वापरणाऱ्यांच्या पारपटलाला जखम करणाऱ्या जीवाणूंत हा अग्रभागी असतो. त्याचे विकर पारपटलाचा गाभाच विरघळवतात. उपचार लांबले तर एक-दोन दिवसांत जखम पसरते आणि प्रसंगी पारपटलाला भोक पडते. नळाच्या, टाकीच्या आणि मातीतल्या पाण्यात आढळणाऱ्या अकँथमीबा या सूक्ष्म जीवासाठीही प्रयोगशाळेत तो वाढवून पाहायची स्वतंत्र बशी लावून आठवडाभर पाहिली गेली. तो आढळला नाही. तो आढळला असता तर उपचार आठवड्यांत न संपता कित्येक महिने चालले असते, कारण त्याच्या दुहेरी कवचाच्या कोषावर नेहमीची औषधे चालत नाहीत आणि तरणतलावातल्या क्लोरिनलाही तो कोष पुरून उरतो.

स्टेरॉइडचे थेंब तत्काळ बंद झाले. मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि टोब्रामायसिन या प्रतिजैविकांचे थेंब पहिले दोन दिवस रात्रीही दर तासाला घालावे लागले. आई आणि वडील यांनी आळीपाळीने जागरण केले. डोळ्याला पट्टी बांधली नाही, कारण लेन्समुळे झालेल्या जखमेवर पट्टी बांधली की आतली ऊब आणि ओल जंतूंच्या पथ्यावर पडते. तीन आठवड्यांत जखम भरली. जखमेच्या जागी फिकट फूल, म्हणजे पांढरट व्रण, राहिले, पण ते बाहुलीपासून दूर असल्याने चष्म्यासह दृष्टी पुन्हा ६/६ झाली. हीच जखम आणखी तीन मिलिमीटर मध्याकडे असती, तर तिच्या दृष्टीचा निकाल वेगळा लागला असता.

कारणांचा शोध

जखम भरत असताना मी तिला तिचा एक पूर्ण दिवस सांगायला लावला: उठल्यापासून झोपेपर्यंत लेन्स कुठे असते, हात कुठे धुतले जातात, डबी कुठे ठेवली जाते. असे विचारले की सुरुवातीला ‘सगळे नीट करते’ असे उत्तर येते. म्हणून मी तिला तिचीच रीत करून दाखवायला सांगितली.

तिची डबी खोलीतल्या मोरीच्या कट्ट्यावर, दात घासण्याच्या ब्रशांच्या पेल्याशेजारी राहत असे. चाळीत पाणी पहाटे ठरावीक वेळीच येते. ते पिंपात भरून ठेवले जाते आणि दिवसभर त्यातूनच तांब्याने घेतले जाते. हात धुऊन ती ओल्या बोटांनीच लेन्स उचलत असे. डबी रोज त्याच पाण्याने विसळून, ओलसर असतानाच झाकण लावून ठेवली जात होती. सोल्यूशन महागडे म्हणून रात्री डबीतील जुने द्रावण ओतून न देता, त्यातच थोडे नवे घालून पातळी भरली जात होती. महिन्याची लेन्स दीड-पावणेदोन महिने चालवली जात होती. लेन्स तळहातावर चोळून स्वच्छ करायची असते हे तिला ठाऊकच नव्हते. घरी उरलेली जुनी डबी मी उजेडाखाली तिरकी धरून तिला दाखवली. तळाशी आणि झाकणाच्या आट्यांमध्ये बुळबुळीत, किंचित तपकिरी थर साचला होता. जंतू अशा थराच्या आडोशाने राहतात आणि वरून ओतलेले द्रावण त्यांच्यापर्यंत धड पोहोचत नाही.

जुन्या द्रावणात नवे मिसळण्याची सवय किती महागात पडते, हे जगाने पाहिले आहे. २००६ मध्ये बुरशीच्या आणि २००७ मध्ये अकँथमीबाच्या साथीनंतर लेन्सची दोन वेगवेगळी द्रावणे बाजारातून मागे घेतली गेली. त्या साथींच्या तपासात द्रावणाच्या घटकांइतकेच वापरणाऱ्यांच्या या सवयीकडेही बोट दाखवले गेले.

मुंबईच्या पाण्याविषयी इथे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. तानसा, भातसा, वैतरणा आदी तलावांतून येणारे पाणी शुद्ध करून, क्लोरिन घालून पुरवले जाते आणि ते पिण्यासाठी असते. पिण्यायोग्य पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. पोटातील आम्ल ज्याचा समाचार घेते, त्याला लेन्स आणि पारपटल यांच्यामधल्या फटीत कोणीच अडवत नाही. शिवाय तलावापासून डोळ्यापर्यंतच्या वाटेत इमारतीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, जुने नळ आणि घरातले पिंप येते. त्यामुळे उकळून गार केलेले, गाळणीयंत्रातले किंवा सीलबंद बाटलीतले, कोणतेही पाणी लेन्सला किंवा डबीला लागता कामा नये. लेन्स घालून अंघोळ करणे आणि पोहणे हेही याच नियमात येते.

झोपेचा प्रश्न वेगळा. दिवसा लेन्स घालून रात्री काढणाऱ्यांत वर्षाला दर १०,००० जणांमागे साधारण दोन ते चार जणांच्या पारपटलाला जंतुसंसर्ग होतो. लेन्स घालूनच झोपणाऱ्यांत हे प्रमाण २० च्या घरात जाते. रात्रीच्या गाडीतली झोप म्हणजे झोपच, आणि दीड तासाच्या लोकल प्रवासात खिडकीला डोके टेकून लागलेली डुलकीही याच हिशेबात धरावी, असे मी प्रत्येकाला सांगते.

पुन्हा लेन्स द्यावी का

आईचे म्हणणे ठाम होते: ‘एक डोळा थोडक्यात वाचला, आता कबड्डी नको आणि लेन्सही नको.’ मुलगी गप्प होती. प्रशिक्षक सर तिसऱ्या भेटीला स्वतः आले आणि त्यांनी तिला खेळातून काढू नका एवढीच विनंती केली. मला आईची भीती रास्त वाटली, आणि लेन्सशिवाय खेळणेही धोक्याचेच आहे हे तिच्या हनुवटीवरचा व्रण सांगतच होता. त्यामुळे प्रत्येक पर्याय तिघांसमोर मांडून तपासला.

खेळाचा चष्मा पट्ट्याने डोक्याला घट्ट बसवता येतो, पण पकडीत चेहऱ्यावर चेहरा आदळणाऱ्या खेळात तो तिला आणि समोरच्या खेळाडूलाही इजा करू शकतो. लेसर शस्त्रक्रियेसाठी ती लहान होती. नंबर किमान वर्षभर स्थिर असल्याची खात्री नव्हती, पारपटल नुकतेच बरे झाले होते, आणि पारपटलाची झडप उघडून करायची शस्त्रक्रिया अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत टाळावी, कारण धक्क्याने झडप सरकू शकते. रात्री झोपताना घालून सकाळी काढायच्या कडक लेन्सने दिवसा चष्म्याविना दिसते खरे. मात्र सहा नंबरच्या आसपास त्या पद्धतीची मर्यादा येते, आणि झोपेत लेन्स ही कल्पना या डोळ्यासाठी बादच होती. दिवसा घालायच्या कडक लेन्समधून प्राणवायू उत्तम मिळतो आणि एरवी मी त्यांची बाजू हिरिरीने घेते, पण त्या आकाराने लहान असल्याने धक्क्याने निसटतात आणि मातीचा कण खाली गेला तर खेळाडूला डोळा उघडता येत नाही.

उरल्या मऊ लेन्स. महिन्याच्या लेन्स चांगल्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या, म्हणजे सिलिकॉनमुळे प्राणवायू जास्त पार होऊ देणाऱ्या, घेतल्या तर प्राणवायूचा प्रश्न सुटला असता, पण डबी, द्रावण, मोरीचा कट्टा आणि पिंप तिथेच राहिले असते. तिच्या घरात कोरडी, बंद, फक्त लेन्ससाठी अशी जागा काढणे अवघड होते, आणि ते तिच्या शिस्तीवर सोडून देणे मला पटेना. म्हणून सकाळी नवी उघडायची आणि खेळ संपला की फेकून द्यायची, अशी एका दिवसाची सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आम्ही निवडली. डबी नाही, द्रावण नाही, त्यामुळे ज्या ठिकाणी जंतू वाढले ते ठिकाणच दिनक्रमातून गेले. या लेन्सनेही धोका शून्य होत नाही. ओल्या हातांनी घातली किंवा घालून झोपले तर तीही डोळा घालवू शकते. तथापि दृष्टी गमावण्याइतके गंभीर प्रकार या लेन्सच्या वापरात कमी आढळतात.

वडिलांनी खर्चाचा प्रश्न विचारला आणि तो कागदावर मांडूनच दाखवावा लागला. महिन्याची लेन्स पाकिटातून काढली की रोज घाला वा आठवड्यातून दोनदाच घाला, ३० दिवसांनी टाकावीच लागते आणि द्रावणाची बाटली उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत संपवावी किंवा फेकावी लागते. तिचा सराव आणि सामने मिळून आठवड्याला तीन-चार दिवस होते. इतर वेळी चष्मा घातला तर ३० लेन्सचे प्रत्येक डोळ्याचे एक खोके जवळजवळ दोन महिने पुरणार होते. खर्च आधीपेक्षा वाढला, पण वडिलांना वाटला होता तितका नाही. सर्वांत आधी नवा चष्मा बनवून घ्यायचा, तो हातात आल्याशिवाय लेन्स मिळणार नाही, अशी अट मी घातली.

मापे आणि बसणी

जखम भरल्यावर तीन महिने डोळ्यांना पूर्ण विश्रांती दिली आणि मगच मापे घेतली. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते आणि लेन्स थेट डोळ्यावर बसते, त्यामुळे चारच्या पुढच्या नंबरात दोन्हींचा आकडा सारखा राहत नाही. हिशेब केल्यावर उजव्या डोळ्याला उणे ५.२५ आणि डाव्याला किरकोळ सिलिंडरचा निम्मा आकडा मुख्य नंबरात मिळवून उणे ५.७५ आले. दुकानाने चष्म्याचे आकडे तसेच दिल्यामुळे दोन्ही डोळ्यांना पाव-पाव नंबर जास्त गेला होता. वाचताना तिचे कपाळ दुखत असे, त्यात याचाही वाटा असावा.

डाव्या डोळ्यासाठी सिलिंडरची खास लेन्स देता आली असती. ती डोळ्यावर ठरावीक दिशेलाच स्थिर राहावी लागते, आणि डोके खाली घालून, उलटेपालटे होत खेळणाऱ्याच्या डोळ्यावर ती फिरली की दृष्टी क्षणभर हलते. अर्ध्या नंबरासाठी ते पत्करण्याचे कारण नव्हते.

अश्रूंचा थर पापणी उघडल्यापासून नवव्या सेकंदाला तुटत होता. दहा सेकंदांच्या आतले हे माप थोडे कोरडेपणाकडे झुकते, म्हणून आणि तास मर्यादित ठेवायचे होते म्हणूनही, सलग सहा तासांची मर्यादा आखून दिली. चाचणीची लेन्स डोळ्यावर २० मिनिटे बसू दिल्यावर पापणीच्या प्रत्येक उघडझापीला ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी हलत होती. खालच्या पापणीने वर ढकलली की अलगद सरकून परत जागेवर येत होती. लेन्सखालचे अश्रू बदलत राहण्यासाठी एवढी हालचाल लागते. चिकटून बसलेली लेन्स सुरुवातीला जास्त सुखाची वाटते, पण ती नको.

शिकवणी

शिकवणीला आई बरोबर असावी असा मी आग्रह धरला. नखे कापलेली, कबड्डीमुळे ती तशी असतातच. हात साध्या साबणाने धुवायचे आणि मग स्वच्छ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पूर्ण कोरडे करायचे. पाणी हाताला चालेल, बोटांच्या टोकांवर उरलेला थेंब चालणार नाही. लेन्स बोटावर ठेवून कड पाहायची. वाटीसारखी सरळ उभी असेल तर सुलट, बशीसारखी बाहेर पसरलेली असेल तर उलटी. नेहमी उजवीच आधी, म्हणजे अदलाबदल होत नाही. काजळ लावायचे असेल तर लेन्स घातल्यानंतर, आणि पापणीच्या आतल्या कडेला नाहीच.

खेळताना लेन्स मातीत किंवा मॅटवर पडली तर ती गेली असे समजायचे. धुऊन, जिभेला लावून किंवा बाटलीतल्या पाण्यात बुडवून पुन्हा घालायची नाही. पिशवीत नव्या लेन्सची एक जोडी, हात पुसायला घडी केलेला रुमाल आणि चष्मा कायम राहील. मैदान सोडताना लेन्स काढायची, गाडीत बसताना तर डोळ्यात असताच कामा नये.

तिने स्वतःहून गणपतीचे विचारले. विसर्जनाच्या मिरवणुकीत ती ढोल वाजवते. गुलालाची बारीक पूड लेन्सखाली अडकली की पापणीच्या प्रत्येक उघडझापीला पारपटल घासले जाते, म्हणून त्या दिवशी चष्मा. जुलै-ऑगस्टात डोळे येण्याची साथ असते तेव्हा घरात कोणाचेही डोळे आले असतील तर सबंध काळ लेन्स बंद. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, यांपैकी एकही गोष्ट घडली तर त्याच क्षणी लेन्स काढायची, ती न फेकता कोरड्या स्वच्छ पाकिटात घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात यायचे, आणि औषधांच्या दुकानात थांबायचे नाही. हा शेवटचा भाग मी आईकडून दोनदा म्हणवून घेतला.

पाठपुरावा

पहिल्या आठवड्यानंतर, मग महिन्याने आणि नंतर दर सहा महिन्यांनी अशी तपासणी ठरली. पहिल्या भेटीत डाव्या पारपटलावर लेन्स काढताना झालेले नखाचे बारीक ओरखडे दिसले. बोटाच्या टोकाऐवजी पेराच्या मऊ भागाने लेन्स चिमटायची हे पुन्हा शिकवले आणि पुढच्या भेटीला पारपटल स्वच्छ होते. कडेच्या रक्तवाहिन्यांतले रक्त ओसरले असून त्यांचे रिकामे ठसे तेवढे प्रखर उजेडात दिसतात. फुलाचा आकार स्थिर आहे. सामन्यांच्या मोसमात दोन वेळा तिने सहा तासांची मर्यादा ओलांडली, असे तिने स्वतःच सांगितले. दोन सत्रांमध्ये मोठी विश्रांती असेल त्या दिवशी मधल्या वेळेत लेन्स काढून दुसऱ्या सत्राला नवी जोडी घालावी, असे ठरले आणि त्या हिशेबाने मोसमासाठी खोक्यांची संख्या वाढवली.

तिच्या संघातल्या लेन्स वापरणाऱ्या इतर मुलींनाही सरांनी तपासणीसाठी पाठवले. त्यांच्यातल्या एकीच्या डबीत तसाच थर होता. तिची लेन्स त्याच दिवशी थांबवून तिला चष्म्यावर आणले आहे. या प्रकरणातील मुलीचा नंबर वर्षभर स्थिर राहिला, तर एकविसाव्या वर्षानंतर झडप न उघडता करायच्या लेसरचा विचार करता येईल. त्यासाठी पारपटलाची जाडी आणि नकाशा लागेल, आणि फूल ज्या जागी आहे तिथली जाडी किती उरली आहे हे पाहिल्यावरच डॉक्टर होकार किंवा नकार देतील. पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर ठेवली आहे.